अश्वारोही आयझॅक मर्फी

शालेय वार्षिकांत ज्या थोर पुरुषांची चरित्रे प्रसिद्ध होतात, ते बहुधा धर्मोपदेशक, शास्त्रज्ञ, सेनापती अथवा देशभक्त असतात. त्यांच्या पंक्तीस एका जॉकीला आणून बसविलेले पाहून कित्येक पालकांच्या कपाळाला आठी पडेल, आणि ती पडावी हे स्वाभाविकच आहे. घोड्यांच्या शर्यती म्हटल्या की जुगार आलाच. मुंबईस महालक्ष्मीच्या आणि पुण्यास लष्करच्या मैदानापायी किती सुखी संसारांची धूळधाण झाली, हे सांगावयास दूर जाण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखकाचे मत या बाबतीत यत्किंचितही सैल नाही. परंतु पैज लावणारा निराळा आणि घोड्यावर बसणारा निराळा. ज्याच्या मुठीत लगाम, त्याच्या सचोटीवर हजारो अनोळखी लोकांचा पैसा अवलंबून असतो. त्याने बोटे किंचित आखडली, तरी तो घोडा मागे ठेवू शकतो, आणि ही लबाडी सहसा कोणाच्या ध्यानातही येत नाही. मोहाच्या अशा बाजारात वीस वर्षे वावरून ज्याने आपले नाव राखले, आणि ज्याचे ते नाव एका दुपारी लोकांनी हिरावून घेतले, अशा एका कृष्णवर्णीय अमेरिकन स्वाराची ही हकीकत आहे.

आयझॅकचा जन्म अमेरिकेतील केंटकी संस्थानात इ. स. १८६१ च्या जानेवारीत झाला. त्याच्या आईचे नावच अमेरिका असे होते. आणि जिला हे नाव होते, ती त्या स्वतंत्र म्हणविणाऱ्या देशात जन्मतः गुलाम होती. त्याच वर्षी तेथे उत्तर आणि दक्षिण यांचे यादवी युद्ध पेटले. अध्यक्ष लिंकन यांचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ पासून अमलात आला खरा, परंतु तो बंडखोर संस्थानांपुरताच होता. केंटकीने बंड केले नव्हते, म्हणून तेथील गुलामांच्या बेड्या तशाच राहिल्या. त्यांना मोकळे होण्याचा एक मार्ग मात्र होता. जो कृष्णवर्णीय पुरुष उत्तरेच्या सैन्यात दाखल होई, तो मुक्त होई. आणि मार्च १८६५ च्या कायद्याने अशा शिपायाची बायकामुलेही मुक्त ठरू लागली. आयझॅकचा बाप असाच सैन्यात गेला व १८६५ साली कॅम्प नेल्सन या लष्करी तळावर मरण पावला. मुलाला बापाची इस्टेट म्हणून काही मिळाले नाही. मिळाले ते स्वातंत्र्य.

येथे एक गोष्ट सहज मनात येते. १८१३ साली ज्या अमेरिकेतून पहिले मिशनरी मुंबईस उतरले, त्याच अमेरिकेच्या दक्षिण भागात त्या वेळी माणसांचा लिलाव होत असे. आपल्यापैकी ज्यांच्या आजापणज्यांनी त्या मिशनऱ्यांपासून अक्षरओळख करून घेतली, त्यांनी या दोन्ही गोष्टी एकदमच लक्षात ठेवाव्या. महात्मा जोतीराव फुले यांनी लक्षात ठेवल्या होत्या. त्यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ साली प्रसिद्ध केले, तेव्हा गुलामांना दास्यातून सोडविणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस ते अर्पण केले. पुण्यात हे पुस्तक छापले जात होते, त्या सुमारास केंटकीतील हा पोरका मुलगा बारा वर्षांचा होता, आणि घोड्यांच्या पागेकडे त्याची पावले वळण्याची वेळ जवळ आली होती.

बाप गेल्यावर आई मुलाला घेऊन लेक्सिंग्टन शहरी आपल्या पित्याच्या आश्रयास आली. या वृद्ध गृहस्थाचे नाव ग्रीन मर्फी. लिलावाच्या वेळी घंटा वाजवून पुकारा करणे हा त्याचा धंदा होता. आई लोकांचे कपडे धूत असे. ज्यांच्याकडे ती काम करी, त्यांपैकी ओविंग्ज नावाच्या गृहस्थाची शर्यतीच्या घोड्यांत भागी होती. मुलगा अंगाने लहानखुरा आणि स्वभावाने शांत आहे, हे पाहून त्याला पागेत घेण्यात आले. तेथे एली जॉर्डन नावाचा एक कृष्णवर्णीय अश्वशिक्षक होता. त्याने या मुलाला हाताशी धरले.

पागेतील उमेदवारी ही मौजेची गोष्ट नसते. पहाटे अंधारात उठावे, घोड्याच्या पायाखालचे गवत काढावे, खरारा करावा, पाणी दाखवावे, उजाडता उजाडता त्याला मैदानावर न्यावे, आणि घाम आलेला घोडा थंड होईपर्यंत त्याचा लगाम धरून चालवीत फिरावे, असा तो क्रम. मैदानावरही घोडा वाटेल तसा पिटाळावयाचा नसतो. आज अमुक अंतर अमुक वेळात, न अधिक न उणे, अशी शिक्षकाची आज्ञा असते. आणि मुलाजवळ घड्याळ नसते. घोड्याच्या टापांवरून व आपल्या श्वासावरून त्याला काळ मोजावा लागतो. पुष्कळांना ही विद्या आयुष्यभर साधत नाही. आयझॅकला ती अशी साधली की पुढे वेगाचा अंदाज हेच त्याचे मुख्य शस्त्र झाले. आपला घोडा किती दमला, समोरचा किती दमला, आणि पुढील पाव मैलात कोणाजवळ किती शिल्लक आहे, याचा हिशेब तो धावत्या घोड्यावर बसून करीत असे.

१८७५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो प्रथम शर्यतीत बसला. त्याच वर्षी लुईव्हिल येथे केंटकी डर्बी ही पुढे जगप्रसिद्ध झालेली शर्यत सुरू झाली. त्या पहिल्या डर्बीत पंधरा घोडे धावले, आणि त्यांतील तेरांवर कृष्णवर्णीय जॉकी होते. जिंकलेल्या ॲरिस्टायडीझ या घोड्याचा स्वार ऑलिव्हर लुईस हाही कृष्णवर्णीय, आणि त्याचा शिक्षक ॲन्सेल विल्यमसन हा पूर्वी गुलाम होता. यात नवल मानण्याचे कारण नाही. दक्षिणेत घोड्यांची निगा राखण्याचे काम पिढ्यान् पिढ्या गुलामांकडेच होते. कायद्याने ते मोकळे झाले, पण ती विद्या त्यांच्या हातात राहिली. शाळा, कचेरी, दुकान यांची दारे ज्यांना अजून लावलेली होती, त्यांना पागेचे दार तेवढे उघडे होते. आयझॅकचे आडनाव बापाकडून बर्न्स असे होते. परंतु आईच्या इच्छेस मान देऊन त्याने आजोबांच्या स्मरणार्थ मर्फी हे नाव घेतले, आणि त्याच नावाने तो प्रसिद्धीस आला.

चार वर्षांत त्याचा बोलबाला झाला. १८७९ साली साराटोगा येथील ट्रॅव्हर्स शर्यतीत त्याने फॉल्सेटो या घोड्यावर बसून स्पेंडथ्रिफ्ट नावाच्या नामांकित घोड्यास मागे टाकले. याच मोसमात जुगाऱ्यांनी फॉल्सेटोला मुद्दाम हरविण्यासाठी त्याच्यापुढे मोठी रक्कम ठेवली, व त्याने ती झिडकारली, असे त्याच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. तो अठरा वर्षांचा होता, आणि त्याची आई कपडे धुऊन पोट भरणारी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या नकाराची किंमत कळते.

पुढील यशाची यादी लांब आहे. ती सगळी सांगत बसल्यास हा लेख पंचांगासारखा होईल. केंटकी डर्बी त्याने तीन वेळा जिंकली: १८८४ साली ब्यूकॅनन, १८९० साली रायली व १८९१ साली किंगमन यांवर बसून. तीन डर्बी जिंकणारा तो पहिलाच जॉकी होय. त्याची बरोबरी व्हावयास १९३० साल उजाडावे लागले, आणि चौथी डर्बी जिंकून एडी आर्कारो त्याच्या पुढे गेला तो १९४८ साली. शिकागोची अमेरिकन डर्बी त्याने १८८४ पासून पाच वर्षांत चार वेळा जिंकली. स्वतः मर्फीच्या हिशेबाप्रमाणे तो १,४१२ वेळा शर्यतीत बसला व ६२८ वेळा पहिला आला. पुढील काळातील संशोधकांना छापील नोंदींत याहून कमी विजय सापडले. तथापि त्यांच्या मोजणीनेही तो दर तीन शर्यतींपैकी एकीहून अधिक जिंकत होता असे दिसते. ही गोष्ट कोणत्याही काळच्या जॉकीस हेवा वाटावी अशीच आहे.

ब्यूकॅननची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. हा घोडा विलक्षण हट्टी होता. आधीच्या एका शर्यतीत त्याने मर्फीचा जीवच धोक्यात आणला होता, म्हणून डर्बीच्या दिवशी त्यावर बसण्यास मर्फी तयार नव्हता. न बसशील तर तुला मैदानावरून दूर करवितो, असा मालकाने धाक घातला तेव्हा तो नाइलाजाने चढला. त्या घोड्याने तोपर्यंत एकही शर्यत जिंकली नव्हती. मर्फीने त्याला चुचकारून, त्याच्याशी झुंज न घेता, असा नेला की तो सहज पहिला आला.

त्याची बसण्याची रीतच तशी होती. हल्लीचे जॉकी रिकिबी आखूड करून घोड्याच्या मानेवर ओणवे होतात. त्या काळी स्वार लांब रिकिबीत ताठ बसत. मर्फी त्यातही अधिक ताठ आणि अधिक निश्चल. चाबूक तो क्वचितच उगारी. हाताने आणि टाचेने जेवढे सांगता येईल तेवढेच तो घोड्याला सांगे. विजय एका मुंडीचा असो की चार घोड्यांच्या अंतराचा असो, पारितोषिक तेवढेच. मग मुक्या जनावराला उगाच का शिणवावे, असा त्याचा विचार दिसे. यामुळे त्याच्या शर्यती फार थोड्या अंतराने संपत, आणि पैज लावणाऱ्यांच्या छातीत धडकी भरे.

कॅलिफोर्नियाचा धनाढ्य मालक बॉल्डविन याच्या नोकरीत त्याला वर्षाला १०,००० डॉलर मिळत. गुलाम म्हणून जन्मलेल्या मुलाने लेक्सिंग्टन येथे घोडदौडीच्या मैदानाजवळ मोठे टुमदार घर घेतले, लूसी नावाच्या मुलीशी विवाह केला, आणि स्वतःचे दोनचार घोडेही बाळगले. परंतु या वैभवाची एक वेगळी किंमत त्याचे शरीर देत होते. हिवाळ्यात शर्यती नसत, तेव्हा त्याचे वजन १४० पौंडांच्या आसपास जाई. वसंत ऋतू आला की ते ११० पर्यंत उतरवावे लागे. उपवास, घोंगड्या पांघरून चालणे, रेचके, घामाच्या खोल्या यांचा दरवर्षी तोच फेरा. धार्मिक उपासात मनाला काही आधार असतो. हा उपास निव्वळ तराजूसाठी होता. तिशीच्या आतच त्याची प्रकृती आतून पोखरली गेली असावी.

आता ज्या शर्यतीमुळे त्याचे नाव सर्वतोमुखी झाले, तिच्याकडे वळू. परंतु त्याआधी दोन घोड्यांची पैजेची शर्यत म्हणजे काय हे सांगणे जरूर आहे. सामान्य शर्यतीत दहापंधरा घोडे असतात. कोणी कोंडला जातो, कोणाला धक्का लागतो, कोणाला वाट सापडत नाही. हरलेल्याला काही तरी सबब मिळते. दोघांच्याच शर्यतीत सबब नाही. मैदान मोकळे, समोर एकच प्रतिस्पर्धी. अमेरिकेत अशा शर्यतींचे वेड जुने होते. २७ मे १८२३ रोजी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर उत्तरेचा एक्लिप्स व दक्षिणेचा हेन्री यांची शर्यत झाली. दोन्ही बाजूंनी वीस वीस हजार डॉलर लावलेले, आणि चार चार मैलांच्या तीन फेऱ्यांत दोन जिंकणारा विजयी. पहिली फेरी हेन्रीने जिंकली. तेव्हा एक्लिप्सवरचा स्वार बदलून पर्डी नावाच्या जुन्या जाणत्या जॉकीला बसविण्यात आले, आणि त्याने उरलेल्या दोन्ही फेऱ्या जिंकल्या. घोडा तोच, फक्त लगाम धरणारा हात बदलला! एका दुपारी बारा मैल धावलेल्या त्या जनावरांची दया येते, पण शर्यत घोड्याची तितकीच स्वाराची असते हे त्या दिवशी सर्वांना कळले. १८५४ साली न्यू ऑर्लिन्स येथे लेकाँट या घोड्याने लेक्सिंग्टन या सुप्रसिद्ध घोड्याला हरविले, त्या वेळी लेकाँटवर बसलेला एब हॉकिन्स हा तर गुलाम होता. जिंकलेला घोडा आणि जिंकून देणारा स्वार, दोन्हीही कोणाच्या तरी मालकीचे.

१८९० साली सॅल्व्हेटर आणि टेनी हे दोन चार वर्षांचे घोडे अमेरिकेत अग्रगण्य मानले जात होते. सॅल्व्हेटर हा तांबूस सोनेरी रंगाचा, डौलदार; त्याचा मालक हॅगिन हा खाणींवर गबर झालेला कॅलिफोर्नियाचा गृहस्थ. टेनी दिसावयास अगदी उलट. त्याची पाठ मध्येच इतकी खोल गेलेली होती की लोकांनी त्याला त्यावरून टोपणनावच दिले होते. पण पळावयास लागला की ती पाठ कोणाच्या ध्यानात राहात नसे. जून महिन्यात सबर्बन नावाच्या मोठ्या शर्यतीत सॅल्व्हेटर पहिला आला व टेनी तिसरा. टेनीचा मालक पल्सिफर याला हा निकाल मान्य होईना. आपल्या घोड्याला त्या गर्दीत न्याय मिळाला नाही, असे त्याचे म्हणणे. त्याने उघड आव्हान दिले, आणि हॅगिनने ते स्वीकारले.

२५ जून १८९० हा दिवस ठरला. जागा न्यूयॉर्कजवळ शीप्सहेड बे हे मैदान. अंतर सव्वा मैल. दोन्ही मालकांनी पाच पाच हजार डॉलर मांडले, आणि मैदानाच्या मंडळाने आणखी पाच हजार घातले. सॅल्व्हेटरवर मर्फी, टेनीवर एड गॅरिसन. मर्फी कृष्णवर्णीय, गॅरिसन गोरा. आणि दोघांची रीतही दिवसरात्रीइतकी निराळी. गॅरिसन आरंभी मागे राहून शेवटच्या पल्ल्यात चाबूक व टाच यांचा वर्षाव करीत असा झेपावे की त्या प्रकारच्या शेवटाला इंग्रजी भाषेत त्याचेच नाव पडले. पाहणाऱ्यांच्या मनात ही शर्यत दोन घोड्यांची, दोन मालकांची, दोन प्रांतांची तर होतीच. दोन वर्णांचीही होती, हे बोलून न दाखविणाऱ्यांनाही ठाऊक होते.

घोडे सुटले. मर्फीने सॅल्व्हेटरला आघाडीस नेऊन असा वेग धरला की जो टेनीला त्रासदायक व्हावा पण स्वतःच्या घोड्याचा दम संपू नये. पहिला पाव मैल, दुसरा, तिसरा. टेनी मागे पडत चालला. शेवटच्या वळणावर सॅल्व्हेटर चांगलाच पुढे होता, आणि शर्यत आटोपली असे पुष्कळांना वाटले. इतक्यात गॅरिसनने आपले सर्वस्व पणाला लावले. चाबूक वरखाली होऊ लागला, आणि तो खोल पाठीचा घोडा प्रत्येक झेपेत थोडे थोडे अंतर तोडीत आला. आधी शेपटाशी, मग खोगिराशी, मग मानेशी. हजारो लोक उभे राहून ओरडत होते. मर्फी हलला नाही. त्याने चाबूक उचलला नाही.

शर्यतीचे जे काही मर्म आहे, ते मला या क्षणात दिसते. प्रतिस्पर्धी कानाशी आला असता हात आवरून धरणे हे धैर्य की अविचार? मर्फीचा घोडा पूर्ण ताणलेला होता. फटका बसला असता तर त्याची लय मोडली असती, आणि जी एक मुंडी शिल्लक होती तीही गेली असती. त्याने आपला हिशेब आधीच केला होता, आणि त्या गदारोळात तो हिशेब त्याने बदलला नाही. सॅल्व्हेटर अर्ध्या मुंडीने जिंकला. वेळ दोन मिनिटे पाच सेकंद. सव्वा मैलाचा अमेरिकेतील तोपर्यंतचा विक्रम मोडला गेला. शेवटच्या क्षणाचे छायाचित्र हेमेंट नावाच्या छायाचित्रकाराने घेतले. धावत्या घोड्यांचे चित्र टिपण्याची कला तेव्हा नुकती कोठे बाळसे धरीत होती, म्हणून त्या चित्राची फार वाहवा झाली. एला व्हीलर विल्कॉक्स या कवयित्रीने स्वाराच्या मुखातून या शर्यतीवर एक काव्य रचले, आणि अमेरिकेतील घरोघरी ते म्हटले जाऊ लागले. त्या उन्हाळ्यात आयझॅक मर्फीइतका नावाजलेला कृष्णवर्णीय मनुष्य त्या देशात क्वचितच असेल.

ही कीर्ती दोन महिने टिकली. २६ ऑगस्ट १८९० रोजी न्यू जर्सीतील मन्मथ पार्क मैदानावर हॅगिनच्याच फायरेंझी या घोडीवर तो बसला. घोडी नामांकित, स्वार नामांकित. लोकांनी मोठ्या रकमा लावल्या. पण खोगिरावर बसलेला मनुष्य नेहमीचा मर्फी नव्हता. तो एका बाजूस झोके खात होता, लगामावर त्याचा ताबा नव्हता. घोडी सर्वांच्या मागून आली, आणि निकालाच्या खांबापलीकडे तो खोगिरावरून खाली घसरला. मर्फी दारू पिऊन शर्यतीत बसला, असा एकच गिल्ला झाला. अधिकाऱ्यांनी त्याला मैदानावरून दूर केले, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी ती वार्ता चवीने छापली. त्याने दारू प्यालो असे कधीच कबूल केले नाही. आपली प्रकृती बिघडली होती, आणि आपल्याला कोणी काही घातले असावे, असा संशय त्याने बोलून दाखविला. वजन उतरविण्यासाठी उपाशी राहणारे त्या काळचे जॉकी अंगात तरतरी यावी म्हणून थोडी शँपेन घेत, हेही खरे आहे. आणि मद्याचा पुरस्कार या पृष्ठांवरून होणे नाही. परंतु ज्याने पंधरा वर्षे लाखो डॉलरच्या शर्यती हातात असून कधी लबाडी केली नाही, त्याच्या बाजूने आजाराची शक्यता तरी कोणी धरून पाहावी की नाही? गोऱ्या जॉकीचा तोल गेला असता तर लोक वैद्याला बोलावते. मर्फीसाठी पंच बोलाविले गेले.

अवघ्या दोन दिवसांनी, २८ ऑगस्टला, त्याच मैदानावर सॅल्व्हेटर घड्याळाविरुद्ध एक मैल धावला. त्याने सरळ वाटेवर तो मैल एक मिनिट साडेपस्तीस सेकंदांत तोडून नवा विक्रम केला. त्याच्या पाठीवर मार्टी बर्गन नावाचा दुसराच स्वार होता.

पुढच्या वर्षी मर्फीने किंगमनवर आपली तिसरी डर्बी जिंकली. ती शर्यत मोठी गमतीची झाली. धावणारे घोडे फक्त चार, आणि प्रत्येक स्वाराला आधी मागे राहा असाच हुकूम असल्यामुळे कोणी पुढे होईना! मैल दीड मैलाची ती डर्बी दोन मिनिटे सव्वाबावन्न सेकंदांपर्यंत लांबली. परंतु तिच्यात एक गोष्ट अपूर्व होती. किंगमनच्या मालकांपैकी डडली ॲलन हा कृष्णवर्णीय होता, पूर्वीचा गुलाम व पुढे उत्तरेच्या सैन्यातील शिपाई. म्हणजे मालकही त्या समाजाचा आणि स्वारही. असा योग डर्बीत त्यापूर्वी आला नव्हता.

यानंतर मर्फीला घोडे मिळेनासे झाले. १८९२ पासून त्याचे विजय बोटांवर मोजण्याइतके उरले. मालक वजनाची सबब सांगत, आणि वजन खरोखरच आटोक्यात राहात नव्हते. परंतु दुसरे वारे वाहू लागले होते, हे नाकारता येत नाही. घोडदौडीत पैसा वाढला, जॉकीची मिळकत वाढली, तेव्हा ती जागा कृष्णवर्णीयांना कशाला, असे गोऱ्यांस वाटू लागले. काही वर्षांनी तर गोरे स्वार संगनमत करून त्यांचे घोडे कठड्याशी कोंडीत, आणि मालक अशा स्वारांना घोडे देण्यास कचरू लागले. १९०१ व १९०२ या दोन्ही वर्षी डर्बी जिंकणारा जिमी विंकफील्ड अखेर रशियात जाऊन घोडे फिरवू लागला.

मर्फीला हे सारे पाहावे लागले नाही. १२ फेब्रुवारी १८९६ रोजी लेक्सिंग्टन येथील आपल्या घरी न्यूमोनियाने त्याचा अंत झाला. तो केवळ पस्तीस वर्षांचा होता. त्याच्या अंत्ययात्रेस पाचशेंहून अधिक माणसे जमली होती. त्यानंतर तीन महिन्यांनी, १८ मे रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी खटल्यात निकाल देऊन दोन वर्णांना वेगवेगळे डबे, वेगवेगळ्या जागा ठेवणे हे कायदेशीर ठरविले. तो निकाल उलटावयास १९५४ साल यावे लागले. शीप्सहेड बेचे मैदानही फार दिवस जगले नाही. न्यूयॉर्क संस्थानाने १९०८ साली जुगाराविरुद्ध कडक कायदा केला, आणि जुगार गेल्याबरोबर दोनच वर्षांत तेथील घोडे थांबले. शर्यती लोकांना घोड्यांसाठी आवडत होत्या की कशासाठी, हे त्यावरून ज्याने त्याने समजावे.

मर्फीला कृष्णवर्णीयांच्या दफनभूमीत पुरण्यात आले. लूसी १९१० साली वारली; त्यांना मूलबाळ नव्हते. थडग्यावर काँक्रीटची एक साधी खूण होती. गवत वाढले, जाणते लोक गेले, आणि ज्याच्यावर कवने झाली त्याला कोठे पुरले आहे हेच कोणाला सांगता येईना. १९५५ साली साराटोगा येथील राष्ट्रीय संग्रहालयाने थोर जॉकींची नामावली सुरू केली, तेव्हा पहिल्याच तुकडीत मर्फीचे नाव घातले. पण त्याची कबर तेव्हाही झुडपांखाली होती. एका वृत्तपत्रीय लेखकाने पुष्कळ शोध करून ती हुडकली. १९६७ साली त्याच्या अस्थी तेथून काढून मॅन ओ’ वॉर या विख्यात घोड्याच्या समाधीजवळ नेण्यात आल्या, आणि पुढे केंटकीतील अश्व-उद्यानात त्या दोघांनाही जागा मिळाली. स्वतःच्या लोकांतून उचलून त्याला एका घोड्याशेजारी नेले, हे कोणाला गौरवाचे वाटते तर कोणाला खटकते. मला ते थोडेसे खटकते.

हा मॅन ओ’ वॉरही आपली अखेरची शर्यत दोघांतच धावला होता. १२ ऑक्टोबर १९२० रोजी कॅनडातील केनिलवर्थ पार्क मैदानावर त्याने सर बार्टन या घोड्याला सहज हरविले. मर्फी व गॅरिसन यांच्या शर्यतीला तेव्हा तीस वर्षे झाली होती, आणि त्या दिवशी दोन्ही घोड्यांवर गोरेच स्वार होते. १९२१ च्या केंटकी डर्बीत हेन्री किंग नावाचा एक कृष्णवर्णीय जॉकी बसला. त्यानंतर अमेरिकेतील दुसरा कृष्णवर्णीय जॉकी त्या शर्यतीत दिसला तो २००० साली.